न पेटवलेल्या पोपटीचा धूर

आमच्या घरात भूत हा शब्द फक्त माझ्या धाकट्या दिराला हाक मारायला वापरला जायचा. त्यापलीकडे मी कुठलं भूत पाहिलेलं नाही. मसणवाटेने भाताचे भारे वाहिलेत, अवसेला खाडीच्या बांधावरून एकटी घरी आलेय. कोणाच्या अंगात आलं म्हणून बोलवायला आले तर मी सांगते, लावणीला पाठवा, कंबर वाकली की आपोआप उतरेल. म्हणून हे लिहायला बसले तेव्हा माझी मलाच जरा लाज वाटली... पण घडलं ते घडलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जसं आठवतं तसं लिहिते.

आमचं गाव पेणहून रोह्याकडे जाताना हायवेपासून आत आहे. नाव देत नाही, कारण मग लोक शेत बघायला येतात आणि बांध तुडवतात. पश्चिमेला धरमतरच्या खाडीची रेघ दिसते, तिच्या अलीकडे खारी जमीन आणि मिठागरं. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला डोलवीच्या चिमण्या दिसतात. माझा मुलगा तिथेच कंपनीत शिफ्टला जातो. भात कापून झालं की त्याच जमिनीत आम्ही वाल टाकतो. जमिनीच्या ओलीवर आणि दवावर तो येतो.

आमचं मोठं शेत पूर्व-पश्चिम लांब आहे. त्यात आडवे बांध होते, ते मुलाने ट्रॅक्टर फिरावा म्हणून फोडले आणि एकच लांब पट्टा केला. त्या वेळी मी त्याला बरंच बोलले होते. पट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला दगडी काठाची विहीर आहे, पश्चिमेच्या टोकाला मोठा बांध आणि त्यावर करंजाचं झाड. एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी रोह्याहून आमचे व्याही येणार होते. त्यांना पोपटी खायची होती आणि संध्याकाळच्या गाडीने परतही जायचं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते — पोपटी म्हणजे मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, परत शेंगा, परत पाला. तोंड पाल्यानेच घट्ट दाबून बंद करायचं. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि जाळ करायचा. मडकं एकदाच उघडायचं. मधेच उघडून बघितलं तर वाफ जाते, शेंगा कच्च्या राहतात. झालं की नाही ते वासावर ओळखायचं. कच्च्याचा वास नुसत्या धुराचा असतो, शिजलेल्याचा वेगळा, एकदा नाकात गेला की विसरत नाही.

पोपटी संध्याकाळी, थंडीत, गोल बसून करायची असते. मी भर दुपारी मडकं घेऊन शेतात निघाले तर वाटेत बायका हसल्या. व्याही आले तर आमच्याकडे असं होतं, काय करणार?

शेताच्या उत्तरेच्या बांधावर, साधारण मधोमध, मी मडकं उपडं घातलं आणि पेंढा रचला. वारा पश्चिमेचा सुटला होता. सकाळी आमच्याकडे मतलई वारा असतो, डोंगराकडून खाडीकडे. दुपारी तो फिरतो आणि खाडीकडून खारा वारा येतो. त्या दिवशी तो लवकर फिरला. मी पेंढ्याचं तोंड वाऱ्याकडे केलं, कमरेला हात लावला आणि मग कळलं की काडेपेटी घरी राहिलीय.

आमच्याकडे शेंगा तोडायला आदिवासीवाडीवरची यशोदा येते. माझ्याच वयाची आहे, तोंडाने माझ्यापेक्षा तिखट. तिला हाक मारून काडेपेटी आणायला पाठवलं. ती जाता जाता म्हणाली, "कोंबडी आणलीस, मडकं आणलंस, आग तेवढी इसरलीस. व्याह्यांना काय उन्हात भाजून घालतेस, गो?" आणि गेली. शेतात राहिलो दोघी. मी मडक्यापाशी, आणि माझी सून सुगंधा विहिरीच्या बाजूला, पाठमोरी उकिडवी बसून शेंगा तोडत.

मी सहज वर बघितलं आणि खाडीच्या बाजूने विमान येताना दिसलं. लहान, दोन माणसांचं. आमच्यावरून विमानं नेहमी जातात, मुंबईची, उंचावरून. हे खाली होतं आणि त्याला आवाज नव्हता. पुढचा पंखा उभाच्या उभा थांबलेला, मला पात्यासकट दिसला. आवाज न करता एवढी मोठी वस्तू आपल्याकडे येते तेव्हा आधी खरंच वाटत नाही. ते सरळ आमच्या पट्ट्याच्या रोखाने येत होतं, पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे उतरून धावत धावत थेट विहिरीवर, आणि विहिरीच्या आधी सुगंधा.

मी ओरडले. तिने मागे न बघता शेंगांची टोपली उंच करून दाखवली. तिला वाटलं, म्हातारी शेंगा मागतेय. मी परत ओरडले. तिने परत टोपली दाखवली. मी बांधावरून खाली उतरले आणि माझ्या गुडघ्यांनी जेवढं जमतं तेवढं पळाले. पण पळताना कळत होतं की मी पोचणार नाही.

तेवढ्यात विमान कललं. एक पंख खाली घातला आणि ते शेताच्या दक्षिणेने, बाजूने पुढे गेलं. मला वाटलं, गेलं, पलीकडे कुठेतरी पडणार. तर ते पूर्वेच्या डोंगराच्या अंगाने वळलं, पुरतं उलटं फिरलं आणि पूर्वेकडून परत आलं, आता खूपच खाली. विहिरीवरून आणि सुगंधाच्या डोक्यावरून गेलं. तेव्हा कुठे तिने वर बघितलं आणि टोपलीसकट आडवी पडली. तिच्या पुढे बरंच अंतर सोडून चाकं वालात टेकली. वेल चाकात गुंतले, माती उडाली, पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीत घुसलं आणि ते थांबलं. करंजाच्या बांधापासून थोडं अलीकडे.

मी आधी सुगंधाकडे गेले. ती उठून बसली होती, तोंडात माती. पहिलं वाक्य बोलली ते असं, "आई, शेंगा सांडल्या."

विमानाची काच फुटली होती. दार उघडून एक बाई उतरली, असेल तिशीची. कपाळावर काचेचा ओरखडा, शर्टावर रक्त आणि पिसं. तिने आधी आत हात घालून काय काय बंद केलं, मग दुसऱ्या माणसाला पट्टा सोडून बाहेर ओढलं, दूर नेऊन बसवलं, आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "कोणाला लागलं का?" तिला स्वतःला लागलं होतं. तो दुसरा माणूस चांगला धट्टाकट्टा, पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीतला, हौस म्हणून विमान शिकणारा. तो बांधाआड जाऊन ओकत होता. बाई त्याची शिक्षिका. तिचं नाव वैदेही, मूळची नागपूरकडची. हात जराही कापत नव्हते तिचे. मी मुद्दाम बघितले. मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

पाणी पिऊन ती म्हणाली, "आजी, तुमच्या जाळाने वाचवलं आम्हाला."

मी म्हटलं, "कसला जाळ?"

"तो काय, त्या झाडाखाली पेटवला होता ना." तिने करंजाकडे बोट केलं. "पांढरा धूर. इकडे, विहिरीकडे वाहत होता."

त्याच वेळी यशोदा धापा टाकत आली. तिच्या मुठीत काडेपेटी. तिने विमान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी एवढी पळत आणली, आता पेटव तरी."

मी वैदेहीला मडक्यापाशी नेलं. पेंढा कोरडा, जसा रचला तसा. मग करंजाखाली गेलो. तिथे हिरवं गवत होतं, उभं. राख नाही, काळं नाही. तिने खाली बसून जमिनीला हात लावला. गार. तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. एवढं होईपर्यंत उतरला नव्हता.

नंतर गाव जमला, पोलीस आले, व्याहीही येऊन पोचले. तिची माणसं मुंबईकडून रस्त्याने येईपर्यंत तिला थांबायचंच होतं. विहिरीच्या काठावर बसून तिने काय झालं ते सांगितलं. मला कळेल अशा भाषेत सांगितलं, त्याचं मला कौतुक वाटलं. शिकलेल्या माणसांना ते सहसा जमत नाही.

खाडीवरून जाताना घारी आडव्या आल्या. जेट्टीच्या बाजूला मासळीची घाण टाकतात, तिथे घारी घिरट्या घालतातच. एक चुकवली, दुसरी पंख्यावर आणि काचेवर आली. पक्षी केवढासा असतो, पण विमानाच्या वेगात तो धोंड्यासारखा बसतो. पात्याचा तुकडा उडाला आणि यंत्र इतकं थरथरायला लागलं की ते स्वतःला उपटून काढेल असं तिला वाटलं. म्हणून तिने चालू यंत्र आपल्या हाताने बंद केलं.

मी विचारलं, "आकाशात? सोताच्या हातानं?"

"व्हय" म्हणाली ती हसून. आमची बोली तिने तेवढ्यात उचलली होती.

मग जागा शोधायची. हायवे सरळ होता, पण गाड्यांनी भरलेला. आपला जीव वाचवायला दुसऱ्याच्या गाडीवर उतरायचं नाही, हे तिने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, तिथे विचार करत बसायचं नाही. रेल्वेवर तारा. मिठागरं वरून सपाट आणि छान दिसतात, पण चमकतं ते ओलं असतं, म्हणाली. हे बरोबर आहे. त्या खाजणाच्या चिखलात आमचा बैल पोटापर्यंत गेला होता. बाकी शेतांत आडवे बांध, चाक अडकलं की विमान पालथं. बिनबांधाचा एकच लांब पट्टा दिसला, तो आमचा. मुलाला जे बोलले होते ते मी तिथल्या तिथे मनात परत घेतलं, त्याला सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं. पाठीवर वारा घेतला की ते लवकर थांबत नाही. डोक्यावर भारा घेऊन उतार उतरताना पाय आवरत नाहीत तसं. तिला निघताना सांगितलेला वारा पूर्वेचा होता. कंपनीच्या चिमण्यांचा धूरही पश्चिमेकडे, खाडीकडे चालला होता, म्हणजे वारा पूर्वेचाच. म्हणून ती पश्चिमेकडून येत होती, तोंड पूर्वेला करून. उंचावर खरंच पूर्वेचा होता वारा. पण खाली, आमच्या जमिनीलगत, खारा वारा घुसला होता. ते वरून कोणाला दिसणार? मला माहीत होतं, पण मी बांधावर काडेपेटीची वाट बघत होते.

आणि मग तिला करंजाखालून धूर दिसला. खाली वाकून पूर्वेकडे, विहिरीकडे जाणारा. म्हणजे वारा पश्चिमेचा, चिमण्यांच्या उलट. तिने विमान वळवलं. उंची एका वळणापुरती उरली होती. दुसरं वळण नव्हतं.

सुगंधा ऐकत होती. तिने विचारलं, "आणि तुम्ही वळला नसता तर?"

वैदेहीने विहिरीकडे बघितलं.

कोंबडीला मसाला लावून किती वेळ ठेवणार? विमान पडो नाहीतर डोंगर पडो, पाहुणे जेवायचे होते. त्यांची गाडी आता चुकणारच होती. ऊन कलल्यावर मी पोपटी पेटवली. लोक विमानाभोवती, मी मडक्याभोवती. पेंढा जळाला, गोवऱ्यांनी धग धरली. वैदेही लांब विहिरीपाशी फोनवर बोलत होती, पाठ आमच्याकडे. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून मी चर्र आवाज होतो का ते बघत होते. शेंगा शिजल्याचा वास नुकता सुटला होता. तर ती बोलता बोलता थांबली, फोन कानावरून खाली घेतला आणि चालत सरळ माझ्यापाशी आली.

"आजी, हा कसला वास?"

"पोपटीचा. का?"

"हाच आला होता. वर. काच फुटलेली होती ना, वाऱ्याबरोबर आत आला."

मी म्हटलं, धूर सगळा सारखाच वास मारतो. ती म्हणाली, धुराचा नाही, आजी. ओला, पाल्याचा, तिखट, काहीतरी शिजल्याचा. तिने पोपटी कधी खाल्ली नव्हती, नावही ऐकलं नव्हतं. भांबुर्डी तिच्या बाजूला स्वयंपाकात वापरत नाहीत. तिने त्या पुण्याच्या माणसाला हाक मारली आणि काही न सांगता विचारलं, वळताना तू काय म्हणालास? तो ओशाळला. म्हणाला, "मी म्हटलं, खाली कोणीतरी स्वयंपाक करतंय. तुम्ही मला गप्प बस म्हणालात."

यशोदा पोपटीला हात न लावता उठून गेली. कोंबडी सोडून ती उठली, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

आता लोकांचं काय झालं ते सांगते. करंजाखालची ती जागा म्हणजे माझ्या सासूची पोपटीची जागा. ती होती तोवर तिथेच मडकं लागायचं. पुढे आम्ही जागा बदलली, कारण जाळाने झाडाची मुळं भाजतात. गावाने लगेच ठरवून टाकलं की सासूबाईंनी सुनेच्या सुनेला वाचवलं. नारळ ठेवायला लागले तिथे. मी उचलून आणते आणि खोबरं करते. माझी सासू जिवंतपणी शेजारणीला चुलीतला विस्तव देत नव्हती, मेल्यावर नागपूरच्या पोरीसाठी जाळ कशाला करेल? मला तिचा स्वभाव माहीत आहे. मला ते पटत नाही.

मग काय होतं? चौकशीला सरकारी माणसं आली. त्यांनी पिसं पिशवीत भरून नेली, कुठला पक्षी ते तपासायला. यशोदा म्हणाली, घारीकडे लायसन होतं काय तेपण तपासा. त्यांनी धुराचंही विचारलं, करंजाखाली मातीही उकरून बघितली. वीटभट्टी नदीच्या बाजूला आहे, ती बंद होती. शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस नव्हते, सगळीकडे हिरवा वाल. मी स्वतः त्या पट्ट्याच्या मधोमध उभी होते. धूर करंजाकडून विहिरीकडे जात असता तर माझ्या डोळ्यांपुढून गेला असता. मला काही दिसलं नाही, वास आला नाही. सुगंधालाही नाही.

डॉक्टरने वैदेहीला सांगितलं की एवढ्या भीतीत डोकं नसलेलं दाखवतं. असेल. डोकं एक वेळ धूर दाखवेल. पण वारा खाली कुठून वाहतो ते त्या डोक्याला माहीत नव्हतं, मग धूर बरोबर बाजूला कसा वाकवला? आणि कधी न खाल्लेल्या पदार्थाचा वास दोघांच्या नाकात कसा घातला? आणि माझं मडकं तर अजून पेटायचंच होतं. मी यावर पुष्कळ विचार केला. काडेपेटी तेव्हापासून कनवटीला असते, पण उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा. नुसतं 'श्रद्धा ठेवा' असं लिहू नका.

पुढच्या थंडीत वैदेही आली, मुद्दाम, पोपटी खायला. ती परत विमान उडवते, शिकवते. मी तिला मनातलं विचारलं. चिमण्यांचा धूर एक सांगत होता, करंजाखालचा दुसरं, मग हाच खरा कसा मानलास? चुकली असतीस तर?

ती शेंग सोलत होती. म्हणाली, "मला जमिनीवर उतरायचं होतं, आजी. चिमणीवर नाही. म्हणून जमिनीलगतचा मानला."

एवढंच. फुशारकी नाही, देवाचं नाव नाही. मी आयुष्यात पुष्कळ पुरुष बघितलेत ज्यांना बैल कुठल्या बाजूने वळवायचा हे ठरवायला चार माणसांचा सल्ला लागतो.

धूर कोणाचा होता ते मला सांगता येत नाही, मी तो बघितलाच नाही. ती वळली ते मात्र मी बघितलं. त्या वेळी मी पळत होते आणि माझी सून पाठमोरीच, मागे न बघता, शेंगांची टोपली हलवत होती.